गाव म्हणजे काय, हे यंत्राला कसे सांगावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा संप, टाळेबंदी किंवा बोनस यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो 'स्थळांचे वर्णन आणि संगणकावरील जोडलेली माहिती' असा. लगेच चिटणीसांचा फोन आला, की कार्यक्रमपत्रिकेत काही घोटाळा तर नाही ना? घोटाळा नाही. दहावीनंतर आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयातील पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु कामगाराचे निम्मे दुखणे 'कुठे' या एका शब्दात दडलेले असते, हे इतक्या वर्षांच्या कामात आम्हांस पुरते उमगले आहे.

एक उदाहरण घ्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली आपल्या राज्यात वेतनाचे दर परिमंडळांप्रमाणे ठरविले जात. तपशील धंद्याधंद्याला बदले. पण सामान्यतः महानगरपालिकांची हद्द एका परिमंडळात, नगरपालिकांची दुसऱ्यात आणि उरलेला मुलूख तिसऱ्यात, असा हिशेब असे. म्हणजे एका नाल्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन कारखाने, दोहोंत तेच यंत्र, तोच माल, तेच आठ तास. आणि महिन्याच्या पगारात मात्र फरक! केंद्र सरकारच्या नोकरांचा घरभाडे भत्ताही शहराच्या वर्गावर ठरतो. तेव्हा हद्द ही काही भूगोलाच्या पुस्तकातली तुटक रेघ नव्हे. ती पगाराच्या पाकिटातून जाते.

पूर्वी 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर माणूस देत असे. तलाठ्याला शिवार ठाऊक, कोतवालाला घर ठाऊक, पोस्टमनला तर कोण कोणाकडे उतरला आहे हेही ठाऊक. पत्त्यावर 'मारुतीच्या देवळामागे, शेवंताबाईंच्या शेजारी' एवढे लिहिलेले पत्र बिनचूक पोचे. आता हा प्रश्न यंत्राला विचारला जातो. आणि यंत्राचे असे आहे, की त्याला देऊळही दिसत नाही आणि शेवंताबाईही दिसत नाहीत. त्याला दिसतात ती अक्षरे.

आता आम्ही आपणांस एक साधा प्रश्न विचारतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या किती होती? एक गृहस्थ म्हणतील, ३० लाख ८५ हजार. दुसरे म्हणतील, १ कोटी २४ लाख. तिसरे म्हणतील, १ कोटी ८४ लाखांच्या आसपास. गंमत अशी, की तिघेही खरे बोलत आहेत. पहिल्याने मुंबई शहर नावाचा जिल्हा मोजला. दुसऱ्याने त्यात उपनगर जिल्हा मिळविला, म्हणजे महानगरपालिकेची मुंबई मोजली. तिसऱ्याने ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, पार बदलापुरापर्यंतचा सलग नागरी पट्टा धरला. तिन्हींचे नाव मुंबईच. यात आणखी भर अशी, की उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९९० साली, आणि महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडापर्यंत पोचली ती १९५७ साली. म्हणजे १९५१ ची मुंबई आणि १९६१ ची मुंबई यांचे आकडे शेजारी मांडून 'दहा वर्षांत एवढी वाढ झाली' असे म्हणणाऱ्याने, त्यातली माणसे किती वाढली आणि जमीन किती वाढली, हे आधी सांगितले पाहिजे.

माणूस हा गोंधळ बोलण्याच्या ओघात निस्तरतो. डोंबिवलीचा मनुष्य कोल्हापुरात गेला की 'आम्ही मुंबईचे' म्हणतो, दादरला आला की 'डोंबिवलीचे' म्हणतो; त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. यंत्राला हे जमत नाही. त्याला आधी सांगावे लागते, की मुंबई या अक्षरांमागे निदान तीन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची जात कोणती, आणि त्यांचे एकमेकींशी नाते काय. जगात कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत व त्यांची नाती कोणती, याची ही जी रीतसर मांडणी, तिला संगणकाचे लोक 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातला आहे. आपल्याकडील पंडित त्याला सत्तामीमांसा म्हणतात. तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षे जी चर्चा फुरसतीने केली, ती आता कारकुनाला सोमवारी सकाळी उरकावी लागते, एवढाच फरक.

या मांडणीची रीत सोपी आहे. नाव ऐकून दबकू नये. प्रत्येक माहिती तीन पदांच्या लहान वाक्यात सांगावयाची. 'तेर — आत आहे — धाराशिव जिल्हा.' 'धाराशिव जिल्हा — आत आहे — महाराष्ट्र.' एक वस्तू, एक नाते, दुसरी वस्तू. अशा वाक्यांच्या पद्धतीला आरडीएफ म्हणतात. तिचा पहिला अधिकृत मसुदा १९९९ चा आहे. पुढे २००६ साली टिम बर्नर्स-ली यांनी, म्हणजे ज्यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली त्याच गृहस्थांनी, 'लिंक्ड डेटा'चे चार नियम लिहिले. आमच्या भाषेत ते असे : प्रत्येक वस्तूला ओळखीचा स्वतंत्र पत्ता द्या. तो पत्ता असा असावा, की कोणीही आपल्या यंत्रावरून तेथे जाऊ शकेल. गेलेल्या माणसाला तेथे उपयोगाची माहिती, ठरलेल्या पद्धतीने मांडलेली, मिळाली पाहिजे. आणि त्या माहितीत दुसऱ्यांच्या पत्त्यांकडे जाणाऱ्या वाटा असाव्यात. चौथा नियम आम्हांस सर्वांत आवडतो. आपली वही आपल्याच कपाटात बंद ठेवू नये, शेजाऱ्याच्या वहीचा संदर्भ तीत द्यावा, एवढेच तो सांगतो. आमच्या चळवळीत हे करावयास आम्हांस फार वर्षे लागली.

विकिडेटा नावाचे एक सार्वजनिक भांडार २०१२ पासून चालू आहे. त्यात मुंबई शहराचा ओळखक्रमांक क्यू ११५६ आहे. त्या क्रमांकात 'मुंबई' हे अक्षर नाही, 'बॉम्बे' नाही, 'बंबई' नाही. ही सर्व त्या क्रमांकाला चिकटविलेली नावे. मुंबई शहर जिल्ह्याचा क्रमांक निराळा, महानगरपालिका या संस्थेचा आणखी निराळा. नावे एक असली तरी क्रमांक एक नाहीत. त्यामुळे लोकसंख्येचे तीन आकडे आपापल्या घरी सुखाने नांदतात.

हे सारे कोणाच्या उपयोगाचे, असे मागे बसलेल्या एखाद्या श्रोत्याच्या मनात आले असेल. तर ऐका. आमच्या एका सभासदाला कामावर अपघात झाला आणि तो गेला. नुकसानभरपाईची रक्कम रीतसर जमा झाली. घरच्यांना कळविण्याचे पत्र तेवढे जावयाचे होते. त्याचे गाव वडगाव. आता महाराष्ट्रात वडगावे किती, हे येथल्या कोणाला सांगावयास नको. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, आणि नुसतीच वडगावे. संबंधित कचेरीतील यंत्रात गावांची यादी होती, तीत 'वडगाव' हे नाव खाली खाली अनेकदा येत होते, पुढे दुसरी काही खूण नव्हती. कारकुनाने पहिले निवडले. पत्र भलत्याच तालुक्यात गेले, तेथून 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आले, आणि फाइल मिटली. त्या बाईने नऊ महिने दुसऱ्याच्या शेतावर खुरपणी केली आणि तिच्या नावचा पैसा सरकारी खात्यात पडून होता. आम्ही जाऊन कागद उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. कारकून दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे गावे ठेवलेली नव्हती, गावांची नावे ठेवलेली होती.

यावर कोणी म्हणेल, पिनकोड आहे ना? पिनकोड ही उत्तम योजना आहे. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे व्यासंगी. पण पिनकोड हा पत्रे वाटण्यासाठी आहे. एका पिनकोडात अनेक गावे मावतात. तो गावाची ओळख नव्हे. २०११ च्या जनगणनेने गावांना सहा आकडी क्रमांक दिले, तेही सहा आकडी आणि पिनकोडही सहा आकडी! पंचायत राज मंत्रालयाची स्थानिक शासनाची यादी वेगळी, महसुलाचे दप्तर वेगळे. प्रत्येक खाते आपापल्या जागी शहाणे. त्यांनी आपापले क्रमांक सोडून द्यावेत असे लिंक्ड डेटा म्हणत नाही, आणि यातच त्याचे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. तो इतकेच म्हणतो, की 'माझ्या यादीतले हे गाव आणि तुझ्या यादीतले ते गाव एकच' असे वाक्य कोठेतरी उघड लिहून ठेवा. मग टपालाच्या वाटेने निघालेला मनुष्य महसुलाच्या दप्तरापर्यंत पोचतो.

परंतु 'एकच' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. संगणकाच्या भाषेत त्याला 'सेम अ‍ॅज' म्हणतात. एकदा यंत्राला सांगितले की क्ष आणि य एकच, की क्षबद्दलचे सर्व ते यला लावते, आणि यचे सर्व क्षला. आता कोणी भाबडेपणाने लिहिले, की शहर आणि त्याची नगरपालिका एकच. नगरपालिका अमुक साली स्थापन झाली; झाले, शहरही त्या साली जन्मले! नगरपालिका बरखास्त झाली, तर गाव ओस पडले! असाच प्रकार वस्तू आणि तिच्याविषयीचा कागद यांचा. जिओनेम्स नावाची स्थळनामांची एक मोठी जागतिक यादी आहे, तीत एक कोटीहून जास्त नावे आहेत. त्या लोकांनी गावाचा पत्ता आणि गावाविषयीच्या माहितीपत्रकाचा पत्ता मुद्दाम वेगळे ठेवले. रामभाऊ आणि रामभाऊंचे रेशनकार्ड यांत हा फरक आहे. कार्ड फाटले म्हणून रामभाऊ फाटत नाहीत. सरकारी कचेऱ्यांत मात्र याच्या उलट अनुभव येतो हे आम्ही जाणतो.

आता जरा जुन्या काळाकडे वळू, कारण स्थळ, नाव आणि ठिकाण या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेथे फार स्वच्छ दिसते. प्राचीन जगातील स्थळांची 'प्लेयाडिस' नावाची एक यादी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या बॅरिंग्टन अ‍ॅटलास या प्राचीन ग्रीक-रोमन जगाच्या नकाशासंग्रहावरून तिचा प्रारंभ झाला. त्या यादीत स्थळ ही एक वस्तू, त्याची नावे ही दुसरी, आणि पृथ्वीवरची त्याची जागा ही तिसरी. स्थळाला नाव असलेच पाहिजे असे नाही, जागा ठाऊक असलीच पाहिजे असेही नाही. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस विचित्र वाटले. जागाच ठाऊक नाही ते स्थळ कसले?

तगर नगरीचे उदाहरण घ्या म्हणजे कळेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे लिहिले आहे. तेथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. पुढे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. नाव असे शतकानुशतके चालत राहिले, आणि नगर कोठे होते हे मात्र कोणास ठाऊक नाही! एकोणिसाव्या शतकातील विद्वानांपैकी कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर म्हणे. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आजचे तेर असे दाखवून दिले, आणि पुढील उत्खननांनी त्याला बळकटी आली. आता विचार करा. १९०० साली तगराबद्दल माहिती मांडावयाची असती, तर जागेचा रकाना सक्तीचा ठेवणाऱ्या यंत्राने काय केले असते? एक तर तगर नाहीच असे म्हटले असते, नाहीतर त्याला देवगिरीवर बसविले असते. प्लेयाडिसच्या रीतीने ते स्थळ म्हणून राहते, त्याच्या नावाखाली पेरिप्लसचा व ताम्रपटांचा आधार राहतो, आणि जागेचा रकाना शोध लागेपर्यंत थांबतो.

नावांचेही तसेच. तेर ज्या जिल्ह्यात आहे त्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ मध्ये धाराशिव झाले. बॉम्बेचे मुंबई झाले १९९५ साली. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचे प्रभादेवी झाले २०१८ मध्ये. जुन्या हजेरीपटावर, जुन्या सर्व्हिस बुकात, जुन्या न्यायनिवाड्यात जुनेच नाव आहे, आणि म्हाताऱ्या कामगाराचा हक्क त्या जुन्या कागदावर उभा आहे. तेव्हा नाव पुसून दुसरे लिहू नये. प्रत्येक नावापुढे कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत व कोणाच्या आधाराने, असे लिहावे. नवीन पद्धतीत हे करता येते. नामांतराच्या बाजूने किंवा विरुद्ध आम्ही येथे बोलत नाही, ती सभा निराळी.

आणि कधी कधी नाव तेच राहते, जागाच नाहीशी होते. ३० जुलै २०१४ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २०१७ मध्ये वाचलेल्यांसाठी दुसऱ्या जागी नवे माळीण उभे राहिले. नकाशावरील अक्षांश-रेखांश निराळे. मग हे माळीण ते माळीणच काय? अक्षांश-रेखांश म्हणजेच स्थळ, असे धरणारे यंत्र 'नाही' म्हणेल. ज्यांची माणसे त्या मातीखाली राहिली त्यांना जाऊन विचारा. एक मत असे आहे, की दोन्हींना वेगळे क्रमांक द्यावेत आणि मध्ये 'याचे पुढचे ते' असे नाते लिहावे. आमचेही मत तिकडेच झुकते, कारण जुन्या जागेलाही स्वतःचे असे अस्तित्व राहिले पाहिजे. महसुली दप्तराला हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. ज्या गावात दिवा लागत नाही त्याला तेथे 'बेचिराग' म्हणतात. माणूस एक नाही, पण गाव दप्तरात आहे, त्याची शीव आहे.

वस्तूंच्या जाती ठरविणे हे याहून अवघड काम. जिओनेम्सने जगातील सर्व स्थळे ९ वर्गांत आणि सहाशेहून अधिक प्रकारांत बसविली आहेत. प्रयत्न मोठा आहे. पण आपली वाडी, पाडा, तांडा, वस्ती ही सारी तेथे बहुधा 'लोकवस्तीचे ठिकाण' या एकाच पोत्यात जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा पत्ता तांड्याचा असतो. यादीत तांडा नसेल तर त्याचा पत्ता मूळ गावाचा लागतो. आणि शाळेचे अंतर, रस्त्याचे अंतर, पाण्याचे अंतर सगळे मूळ गावापासून मोजले जाते. पोरे मात्र तांड्यापासून चालत जातात.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात यिंजीबार्न्डी नावाचे आदिवासी लोक आहेत. डेव्हिड मार्क आणि अँड्र्यू टर्क या दोघा अभ्यासकांनी त्यांच्याकडे जाऊन, जमीन व पाणी यांना ते काय काय म्हणतात हे २००३ च्या सुमारास नोंदविले. इंग्रजी नकाशात जेथे 'नदी' लिहिलेले, तेथे वर्षातील बराच काळ पाणीच नसते. कोरडे पात्र असते. त्या पात्रासाठी त्या लोकांचा एक शब्द, आणि पात्रात कधीही न आटणारे जे पाणी साचून राहते त्याला 'यिन्डा' असा अगदी निराळा शब्द. हे वाचल्याबरोबर आम्ही म्हटले, अहो, हा तर आपला डोह! दुष्काळी तालुक्यातील कोणत्याही बाईला विचारा, नदी आणि डोह एक की दोन? आपल्याकडे ओढा, ओहोळ, वहाळ, पऱ्ह्या, कोंड असे किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाचे वागणे निराळे. यादी करणाऱ्यांनी 'हंगामी प्रवाह' असा एक प्रकार ठेवला आहे, हे आम्ही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. 

बॅरी स्मिथ या तत्त्वज्ञाने याच डेव्हिड मार्कबरोबर 'पर्वत अस्तित्वात आहेत काय?' अशा मथळ्याचा एक निबंध २००३ साली लिहिला. मथळा वाचून हसू येते. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे. पर्वत कोठे संपतो आणि सपाटी कोठे सुरू होते, हे पर्वताला ठाऊक नसते. स्मिथ यांनी सीमांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक निसर्गात खरोखरच असलेली, बेटाच्या किनाऱ्यासारखी. दुसरी माणसाने ठरविली म्हणून असलेली, तालुक्याच्या हद्दीसारखी. माणसाने ठरविलेली सीमा खोटी असते असा याचा अर्थ नव्हे. मघाशी सांगितलेला नाला आठवा. पण माणसाने ठरविलेल्या गोष्टीला 'कोणी ठरविली, केव्हा, कोणत्या कामासाठी' हे विचारता येते. वेतनाची सीमा मालकाच्या सोयीने नाल्यावर आली असेल, तर ती नाल्यापलीकडेही नेता येईल.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. मुंबईत गिरणगाव नावाचे गाव आहे. ते जनगणनेत नाही, महसुलात नाही, महानगरपालिकेच्या वॉर्डांत नाही, पिनकोडात नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला, तेव्हा त्या गावाची हद्द कोणती, असे कोणी विचारले नाही. लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव यात वाद नाही. भायखळा? बहुतेक होय. वरळीच्या चाळी? होय. वरळीचा समुद्राकडचा भाग? छे! ताडदेव? तेथे तर मुंबईतील पहिली गिरणी उभी राहिली होती. पण आज तेथे राहणारा मनुष्य स्वतःला गिरणगावचा म्हणवील की नाही, शंकाच आहे.

अशा अस्पष्ट कडांच्या स्थळांसाठी अँथनी कोन आणि निकोलस गॉट्स यांनी १९९६ मध्ये अंड्याची युक्ती सुचविली. बलक म्हणजे निःसंशय आतला भाग, पांढरा म्हणजे वादाचा भाग, कवचाबाहेर निःसंशय बाहेर. लालबाग-परळ बलकात, भायखळा-ताडदेव पांढऱ्यात. यंत्राला एवढ्यावरूनही उपयोगी अनुमाने काढता येतात. अमुक चाळ बलकात आहे, बलक अंड्यात आहे, म्हणून चाळ गिरणगावात आहे. २०१२ साली जिओस्पार्क्यूएल नावाचे एक मानक आले. त्यात 'आत आहे', 'लागून आहे', 'एकमेकांवर चढते', 'अलग आहे' अशी नाती ठरवून दिली आहेत, आणि यंत्राला त्या भाषेत प्रश्न विचारता येतात.

गिरणगावाला असा ओळखक्रमांक असावा हा आमचा केवळ भावनेचा आग्रह नव्हे. गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, टॉवर आले. लोअर परळला घरे विकणारे लोक 'अप्पर वरळी' म्हणू लागले. जाहिरातीतले नाव नकाशावर चढते, नकाशावरचे नाव यंत्रात जाते, आणि यंत्रातले नाव पुढल्या पिढीला खरे वाटते. त्यांच्या नावाला कोणी बंदी करू नये. 'अप्पर वरळी' हेही नाव लिहावे. पुढे लिहावे, केव्हापासून आणि कोण म्हणतो. मग शेजारी 'गिरणगाव' लिहावे आणि त्याही पुढे लिहावे, केव्हापासून आणि कोण म्हणतो.

बेळगावच्या बाबतीत हीच रीत आपल्या कामी येते. आज तो जिल्हा कर्नाटक राज्यात आहे, हे एक विधान. महाराष्ट्राने त्या भागावर हक्क सांगून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, हे दुसरे विधान. दोन्ही खरी आहेत. आणि दोन्ही, आपापल्या आधारासह, एकाच ओळखक्रमांकाखाली राहू शकतात. विकिडेटात 'हे विधान अमुकास मान्य नाही' असे जोडण्याची सोय आहे. सभेत आम्हांलाही अशी सोय असती तर किती बैठका लवकर आटोपल्या असत्या!

प्रश्न उरतो तो याद्या कोणाच्या हातात असाव्यात हा. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याने २०१० साली आपल्या प्रशासकीय हद्दींची माहिती जोडलेल्या रूपात सर्वांना खुली केली. आपल्याकडे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरील पुष्कळ निर्बंध सैल केले. ते चांगले झाले. परंतु नकाशे खुले होणे आणि गावांच्या याद्या एकमेकींना जोडल्या जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे काम खाजगी कंपन्या आपल्या सोयीने करीतच आहेत. त्यांच्या यादीत कोणते दुकान आधी दिसावे याला फार महत्त्व आहे. वडगाव खुर्दला नाही. हे काम ग्रामपंचायतींनी, वाचनालयांनी आणि युनियननी करावयाचे आहे, आणि त्याला लागते ते भांडवल थोडे, चिकाटी पुष्कळ.

आम्ही आमच्या कचेरीत सभासदांच्या गावांची वही नव्याने लिहावयास घेतली आहे. आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकाचे काम जाणतो. रविवारी येऊन तो ती यंत्रात चढवितो. एका रकान्यात सभासद आपल्या गावाला काय म्हणतो ते, दुसऱ्यात जनगणनेचा क्रमांक, तिसऱ्यात वाडी किंवा तांडा असल्यास त्याचे वेगळे नाव, चौथ्यात कोणी सांगितले आणि केव्हा. गेल्या महिन्यात तो मुलगा एका नोंदीपाशी अडून बसला. बांधकामावरचे मजूर सकाळी ज्या नाक्यावर उभे राहतात, तो नाका त्याला लिहावयाचा होता. सात वाजता तेथे शंभर-दीडशे माणसे असतात, मुकादम येतात, मजुरीचा भाव ठरतो. साडेनऊनंतर पाहावे तर रिकामा रस्ता आणि चहाची गाडी. सरकारी क्रमांक नाही, हद्द नाही, आणि दिवसातले अडीच तास सोडले तर ते स्थळच नाही. त्याने विचारले, हे कोणत्या प्रकारात घालू? सहाशे प्रकारांची यादी आम्ही दोघांनी वरपासून खालपर्यंत वाचली. तीत 'बाजार' होता, 'चौक' होता, 'बस थांबा' होता. आम्ही त्याला म्हटले, नवी ओळ घाल. प्रकार : मजूर नाका. वेळ : सकाळी सात ते साडेनऊ. आधार : तेथे उभी राहणारी माणसे.